गोलमागचा आवाज

भैरी तालमीचा फुटबॉल संघ घरच्या मैदानावर सलग चौथी मॅच हरला, त्या संध्याकाळी दूध कट्ट्यावर माणसंच जास्त उकळत होती. म्हशी ओळीनं बांधलेल्या होत्या, समोर धार काढून फेसाळ पेले हातोहात पुढे येत होते, पण पेल्यातला फेस बसला तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

"बाहेरगावी जिंकतोय आणि घरात हरतोय. ह्याला काय म्हणायचं सांगा की!" दत्ताआण्णा पेला हातात धरून सगळ्यांना विचारत होते. तालमीच्या पहिल्या संघात ते बॅकला खेळलेले. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"बॅक लाइन ढिली पडलीया."

"बॅक लाइन न्हवं भावा, गोलकीपर! दोन्ही गोल त्यानं उभ्यानं बघितलं. खांबागत!"

तेवढ्यात ऋतुजा सरनोबत गाडी लावून कट्ट्याकडे येताना दिसली आणि बोलणारा एकदम म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. गोलकीपर शिवतेज हा तिचा धाकटा भाऊ.

"गप का झालासा? बोला की," ती म्हणाली. "मी ऐकलो सगळं." कोल्हापूरच्या बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची, आणि बोलायची ती चार माणसांत सहज ऐकू जाईल अशा आवाजात. शिरोलीच्या फाउंड्रीत ती शिफ्ट सुपरवायझर होती. भट्टीच्या घरघरीवरून हाक मारून मारून तिचा गळा तयार झाला होता. गोलपोस्टच्या मागं जाळीला लागून तिची जागा ठरलेली. तिथून ती ओरडली की समोरच्या गॅलरीतला माणूस हसायचा, "आली बघ आक्का!"

"पोरांना काय बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "कंपनी आली आणि हे सुरू झालं. आधी तालीम आपली होती."

"आधी तालीम पेठेपुरती होती," रियाज मुजावर शांतपणे म्हणाला. रियाज तालमीचा सेक्रेटरी, एके काळचा स्ट्रायकर आणि ऋतुजाचा शाळेपासूनचा मित्र. "राज्य लीगमध्ये कुणी आणलं? कोच, जिम, फिजिओ, सगळं त्यांचंच. आता पहिल्या दोघांत आलो की राष्ट्रीय लीग. कोल्हापूरचा संघ, मर्दा! विषय हार्ड! त्यासाठी त्यांना निम्म्याच्या वर मालकी पाहिजे, तर देऊया की."

"आणि उद्या त्यांनी नाव बदललं, रंग बदलला, संघ पुण्याला नेला, तर?"

"न्हाई न्हेत."

"लिहून दिलंय?"

रियाजनं पेला तोंडाला लावला. पुण्याच्या त्या क्रीडा कंपनीनं तीन वर्षांपूर्वी क्लबची निम्म्याला थोडी कमी मालकी घेतली होती. आता तिला पूर्ण ताबा हवा होता, आणि तो द्यायचा की नाही हे तालमीच्या सभासदांनी मत देऊन ठरवायचं होतं. विरोधकांची पुढारी ऋतुजाच होती. पेठेत घराघरात या प्रश्नावरून दोन तट पडले होते; सासरे-जावई बोलायचे बंद झाले होते.

निघताना रियाज तिच्या गाडीपाशी आला. "कंपनीच्या लेले मॅडमना तुला भेटायचंय. वेगळं काय तरी हाय. ऐकून तर घे."

*

डॉ. मृण्मयी लेले स्टेडियमच्या गॅलरीखालच्या एका खोलीत बसत. पूर्वी तिथं मैदानावर मारायची फक्की आणि जाळ्या ठेवत. आता पडदे आणि यंत्रं होती.

"ताई, तुम्हाला वाईट वाटेल असं सांगायचं आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून आधी ते कसं कळलं हे सांगते."

स्टेडियमच्या छपराच्या कडेनं कंपनीनं शेकडो बारीक माइक बसवले होते. एकच आवाज प्रत्येक माइकपर्यंत पोचायला किंचित वेगळा वेळ घेतो. त्या फरकावरून तो नेमका कुठून आला हे यंत्राला कळतं, आणि मग गव्हातले खडे निवडावेत तसा हजारोंच्या कल्लोळातून एकेक गळा वेगळा काढता येतो. कुठल्या घोषणेनं संघाला चेव येतो, हे शोधायला हे सगळं सुरू झालं होतं. दुसरीकडे खेळाडूंच्या अंगातल्या पातळ बनियनमधून त्यांचे ठोके आणि स्नायूंमधले विजेचे संदेश क्षणाक्षणाला टिपले जात होते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले की कुणाच्या आवाजानं कुणाच्या अंगात काय हललं ते दिसायचं.

"लग्नाच्या मांडवात कितीही गलका असू दे, कुणी आपलं नाव घेतलं की आपले कान टवकारतात," लेले म्हणाल्या. "मेंदू ओळखीचा आवाज गर्दीतून उचलतोच. ते थांबवणं आपल्या हातात नसतं. तुमचा आवाज आला की शिवतेजचे पाय क्षणभर थांबतात. सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा. पण तेवढ्यात चेंडू तीन मीटर पुढे गेलेला असतो."

ऋतुजा हसली. "म्हणजे मी तुमच्या विरोधात बोलतो, म्हणून माझं तोंड बंद करायचं. चांगली युक्ती काढलीसा."

"मला मतदानाशी काही घेणं नाही हो. बाहेरगावच्या मॅचना तुम्ही शिफ्टमुळे जात नाही. तिथं तो उत्तम खेळतो. पुढच्या मॅचला फक्त शांत बसून बघा."

ती चिडून बाहेर पडली. पण पुढच्या मॅचला जाळीला लागून उभी राहिली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्याच मिनिटाला शिवतेजनं मान किंचित मागं वळवली. मग परत. पूर्ण मॅचभर तो मधूनमधून मान वळवत राहिला, आणि भैरी तालीम दोन गोल खाऊन हरली.

घरी आल्यावर त्यानं बूट काढता काढता विचारलं, "घसा बसलाय काय आक्का? एक शबुद न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "धूर बसलाय भट्टीचा."

शिवतेज नऊ वर्षांचा असताना त्यांची आई गेली. वडील त्याच्याही आधी. ऋतुजा तेव्हा फाउंड्रीत नुकती लागली होती. तिनं लग्न केलं नाही; त्याचं कारण शिवतेज नव्हे, असं ती सगळ्यांना सांगायची. शिफ्ट संपली की ती त्याला मैदानावर न्यायची आणि गोलमागं उभी राहून ओरडायची – डावीकडं, उजवीकडं, पुढं ये, थांब. फुटबॉल तिलाही फारसा कळत नव्हता. पण पोर एकटं नाही हे त्याला कळत राहावं एवढाच त्या ओरडण्याचा हेतू होता. आता तो चोविशीचा होता, आणि अजून त्या आवाजाची वाट बघत होता. आला तरी अडखळायचा, नाही आला तरी.

ती आपण होऊन लेलेंकडे गेली.

"मी मैदानावरच येत न्हाई मग," ती म्हणाली. हे बोलताना तिला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज बारीक वाटला.

"तरी तो शोधत राहील. त्यापेक्षा दुसरा उपाय आहे." लेलेंनी तांदळाएवढं एक यंत्र तळहातावर ठेवलं. कानात बसणारं. बाहेरून येणाऱ्या आवाजाची नेमकी उलटी लहर ते यंत्र तयार करतं; दोन्ही लहरी एकमेकींना खातात आणि उरते शांतता. सगळा गोंगाट नव्हे, फक्त एक आवाज पुसायचा असेल तर तो आवाज यंत्राला आतून-बाहेरून ओळखीचा हवा. आणि कायद्यानं माणसाचा आवाज त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. "तुम्ही गोलमागं उभ्या राहा, हवं तेवढं ओरडा. त्याला ऐकू येणार नाही. फक्त त्याला हे सांगू नका, नाहीतर लक्ष त्यातच अडकेल. आम्ही त्याला गोंगाट कमी करणारं यंत्र म्हणून देऊ."

काचेच्या खोलीत बसून ऋतुजानं माइकसमोर संमती दिली आणि पडद्यावर येतील ते शब्द वाचले. डावी. उजवी. पुढं. थांब. वर. खाली. हळू, मग जोरात, मग जीव तोडून. बाहेर आली तेव्हा तिला रक्त काढून दिल्यासारखं वाटत होतं.

*

भैरी तालीम घरच्या मैदानावरही जिंकू लागली. एक, दोन, तीन मॅच. शिवतेज असा काही खेळत होता की परगावचे पत्रकार त्याची मुलाखत घ्यायला यायला लागले. कट्ट्यावर आता राष्ट्रीय लीगमध्ये कुणाकुणाशी पडेल याच्या जोड्या लागत होत्या.

"कंपनीला नावं ठेवत होतासा न्हवं?" कुणीतरी ऋतुजाला डिवचायचं. "आता मत कुणाला?"

ती हसून वेळ मारून न्यायची. जाळीमागं उभी राहून ओरडायचीही, पूर्वीसारखीच, कारण न ओरडून लोकांना काय सांगणार? पण आपण ओरडतोय ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे तिला प्रत्येक हाकेला आठवायचं. मेलेल्या माणसानं घरच्यांना हाक मारावी तसं काहीतरी. रात्री जेवताना तो चांगला हसून बोलायचा, तिला भाकरी वाढायचा, आणि ती अर्ध्यावरच ताट घेऊन उठायची.

शेवटून दुसऱ्या मॅचच्या दिवशी फाउंड्रीत भट्टीचं अस्तर फुटलं. दुपारपासून ती शिरोलीतच अडकली. आवाज बंद करून ठेवलेल्या मोबाइलवर तिनं मॅचचा शेवट बघितला. बरोबरी, शेवटची मिनिटं, विरुद्ध संघाला पेनल्टी. शिवतेजनं उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू बोटांच्या टोकांनी खांबाबाहेर काढला. भट्टीपाशी ती एकटीच नाचली.

घरी आली तर तो दारातच. तिला मिठी मारून त्यानं उचललंच.

"आक्का, तू 'उजवी' म्हणालीस म्हणून! मी डावीकडंच जाणार होतो. मारणाऱ्याचं डोळंबी डावीकडं होतं. तुला कसं कळलं?"

ऋतुजाच्या अंगावर अजून फाउंड्रीचे कपडे होते. तोंडावर काजळी होती. त्यानं तिला खाली ठेवलं, आणि मग ते सगळं त्याला दिसलं.

"आत्ता येतीयास?" तो म्हणाला.

"भट्टी फुटली. जेवण झालं का तुझं?" असं म्हणून ती मोरीत शिरली आणि नळ पूर्ण सोडून बराच वेळ उभी राहिली.

*

"यंत्र आवाज पुसतं म्हणालासा तुम्ही," दुसऱ्या दिवशी ती लेलेंसमोर उभी होती. बसायला तयार नव्हती. "हे घालतंय!"

लेलेंनी डोळे मिटले. "मी सुरुवातीला पुसायलाच केलं होतं. खरंच सांगते."

मग त्यांनी सांगितलं. मैदानाभोवतीचे कॅमेरे चेंडू मारणाऱ्याची कंबर आणि टेकलेला पाय बघतात. पाय चेंडूला लागायच्या आत तो कुठं जाणार याचा अंदाज यंत्राला आलेला असतो. प्रश्न होता तो कीपरपर्यंत पोचवायचा. कोचचा आवाज घालून पाहिला, अनोळखी आवाज घातला, नुसती टिकटिक घातली. ऐकायचं, समजायचं, मग हलायचं, यात उशीर होई. तिचा आवाज घातला तेव्हा पूर्ण शब्दही लागला नाही. 'उ' की 'डा', एवढ्या पहिल्या अक्षराला शरीर निघायचं. पूर्वी तो अडखळायचा, कारण त्याचे डोळे एक सांगत आणि तिचा अंदाजपंचे आवाज दुसरंच. आता आवाज कायम बरोबर असल्यामुळे त्यानं डोळ्यांवर विसंबणंच सोडलं होतं.

"हे चालतं? लीगच्या नियमात?"

"नियमात अजून आलेलं नाही. वरून ठरलं, ताई. मी विरोध केला होता. पण थोडाच केला." लेलेंचा चेहरा उतरला होता. "तुम्ही संमती मागे घेऊ शकता. घेतलीत तर पुढच्या मॅचपासून ते बंद करावंच लागेल."

पुढची मॅच शेवटची होती. ती जिंकली की राष्ट्रीय लीग. आणि तिच्या दोन दिवस आधी सभासदांची सभा.

ती सरळ रियाजकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"कुणाचं काय चोरलंय आपण?" तो म्हणाला. "पाय शिवाचं. आवाज तुझा. दोघंबी पेठेचं. ऋतुजा, दत्ताआण्णांच्या पिढीपास्नं आम्ही ह्या एका मॅचची वाट बघालोय. मीबी बघितली, गुडघा फुटस्तवर. एक मॅच थांब. मग सांग सगळ्यांना, मी तुझ्या बाजूनं उभा ऱ्हातो."

"सभेत सांगितलं तर तिथंच कंपनी उडती."

"व्हय. आणि तुझा शिवाबी. लोक म्हणतील बहिणीच्या आवाजावर नाचणारं माकड."

ते खरं होतं. महिनोन्महिने ज्या लढाईसाठी ती घरोघर फिरली होती ती एका वाक्यात जिंकता आली असती, आणि त्या वाक्याखाली तिचा भाऊ चिरडला असता. गाडीवरून घरी येताना तिला चौकातला सिग्नल दिसला नाही. एका रिक्षावाल्यानं शिवी घातली, तेव्हा ती भानावर आली.

शिवतेज पायरीवर बसून ग्लोव्ह्ज धूत होता. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. माइक, तो सेकंदाचा हिस्सा, काचेची खोली. काही लपवलं नाही.

त्यानं ग्लोव्ह्जमधला फेस पिळून काढला.

"मला वाटलेलंच," तो म्हणाला. "हल्ली तू एकदाबी चुकली न्हाईस. आणि शिवी एकदाबी दिली न्हाईस."

तिला हसू आलं, पण तो हसत नव्हता.

"कंपनीचं जाऊ दे. ती परकीच हाय," तो म्हणाला. "तू मला विचारलं न्हाईस. माझ्या कानातनं तुला काढायचं, आणि मलाच विचारलं न्हाईस? मला वाटत हुतं तू हाईस मागं. रोज. तिथं कोणच न्हवतं."

"तुझ्या भल्यासाठी—"

"ठाऊक हाय." तो उठला. "माझं भलं तू, कोच, मॅडम, सगळी मिळून ठरवतासा. मी खांबागत उभा."

*

सभेला तालमीतला कुस्तीचा हौदा आणि बाहेरचा रस्ता दोन्ही भरले होते. रियाज ठराव वाचायला उभा राहिला, तेवढ्यात शिवतेजनं त्याच्या हातातून माइक घेतला. ऋतुजा उठायला लागली, पण त्यानं हातानंच तिला बसवलं.

त्यानं थोडक्यात सांगितलं. बहिणीचं नाव घेतलं नाही. 'माझ्या माणसाचा आवाज' एवढंच म्हणाला. "ते पेनल्टीचं सेव्ह माझं न्हवतं," तो म्हणाला. "परवा मी बिनयंत्राचा खेळणार. हरलो तर हरलो. तुम्ही काय ते मत द्या."

एकदम गदारोळ झाला. "आधी जिंकूया, मग बघू!" मागून कुणीतरी ओरडलं. "फसवणूक हाय ही!" दुसऱ्या बाजूनं. दत्ताआण्णा खुर्चीवर चढले आणि गुडघ्यामुळे त्यांना उतरता येईना. मतदान झालं. मालकी द्यायचा ठराव पडला, पण इतक्या थोडक्यात की जिंकलेल्यांनाही टाळ्या वाजवायचं धाडस झालं नाही. मोसम संपला की आपण बाहेर पडू, असं कंपनीनं त्याच संध्याकाळी कळवलं. रियाज ऋतुजाशी न बोलता निघून गेला.

मॅचच्या सकाळी शिवतेज म्हणाला, "गोलमागं येऊ नको आज."

"येत न्हाई मी. घरातच—"

"मैदानात ये. पण कुठं बसणार ते मला सांगू नको."

ती बाजूच्या गॅलरीत, कोपऱ्यातल्या एका खांबाआड बसली. इथून मैदान भलतंच मोठं दिसत होतं. आजवर तिनं शिवतेजची पाठ, जाळी आणि जाळीपलीकडून धावत येणारी माणसं एवढंच बघितलं होतं. आता तिला त्याचा चेहरा दिसत होता. कपाळावर आठ्या, ओठ सतत हलत. आधी तिला वाटलं तो स्वतःशी पुटपुटतोय. मग वाऱ्यावर त्याचा आवाज आला. तो बॅकवाल्यांना ओरडत होता – सरक, धर त्याला, सोडू नको, आणि मधे एक सणसणीत शिवी. हा एवढा ओरडतो, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या ओरडण्यात तिला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

पहिला गोल त्यानं सोपा खाल्ला. चुकीच्या बाजूला गेला. गॅलरीतून "मशीन लाव रं!" अशी हाक आली आणि लोक हसले. ऋतुजानं ओढणीचा बोळा तोंडात धरला. उत्तरार्धात तालमीनं गोल फेडला. पण राष्ट्रीय लीगसाठी जिंकणं भाग होतं, म्हणून सगळा संघ वर चढला, आणि उलट्या हल्ल्यात दुसरा गोल बसला. दोन-एक. आता काहीच उरलं नव्हतं तरी मॅच चालू होती.

शेवटच्या मिनिटाला विरुद्ध संघाचा कॉर्नर आला. चेंडू उंच, वळत वळत गोलसमोरच्या गर्दीवर उतरायला लागला. सात-आठ डोकी एकदम वर. एवढ्या गर्दीत कीपरनं रेषा सोडायची नसते, एवढं तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. बोळा तोंडातून पडला. "थांब!" ती उभी राहून जीव तोडून ओरडली.

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो केव्हाच निघाला होता. दोघांना खांद्यानं बाजूला सारत तो वर उठला, दोन्ही हातांनी चेंडू हवेतच घेतला, छातीशी धरून खाली आला, आणि उठता उठता समोर फेकून ओरडला, "पळा! अजून संपलं न्हाई!"

काही क्षणांत शिटी वाजली. भैरी तालीम हरली होती. लोक उठून, तालमीला, कंपनीला, सरनोबतांना शिव्या देत जिन्याकडे निघाले. ऋतुजा मात्र खांबाला धरून तशीच उभी राहिली. मैदानात शिवतेज कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता, आणि गॅलऱ्यांवरून एकेक करून नजर फिरवत होता. त्याची नजर तिच्या कोपऱ्यावर आली तेव्हा तिनं हात वर केला.